चार दिवसांच्या बाळावर नागाचा कोप

"दिसला का? अजी, दिसला का नाग?"

धुनीभोवती माणसांवर माणसं पडली होती आणि जो तो हेच विचारत होता. मधोमध भगवी कफनी घातलेला बाबा बसला होता आणि त्याच्या हातात सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी होती. त्यानं पन्नीवर चिमूटभर तपकिरी अंगारा ठेवला. चेल्यानं खालून काडी धरली. अंगारा वितळला, त्याचा थेंब झाला आणि तो थेंब मागं काळी रेघ ओढत पन्नीवर वळवळत निघाला.

"निकल पडा! नागद्वारी का राजा निकल पडा!" बाबा ओरडला. "उसकी साँस अंदर लो बच्चा, दुख बाहर!"

माणसं नळीतून धूर ओढत आणि डोळे मिटत. दरवर्षी नागपंचमीला आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडून माणसं पचमढीचे डोंगर तुडवत नागद्वारीच्या गुहेतल्या नागराजाच्या दर्शनाला जातात. तो नाग स्वतः गावात आला म्हटल्यावर कोण मागं राहणार?

मी प्रेमलता, गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई. मला नाग दिसला नाही, तापलेला थेंब दिसला. पण तेव्हा मी नुसती हसले. गांजाबिंजा असेल, चार दिवसांचं खूळ आहे, असं म्हणून सायकल वळवली. ते हसणं मला अजून टोचतं.

सत्त्याऐंशी सालचा आंबिया बहार होता. संत्र्याची तोडणी जोरात होती. दिवसभर फांद्यांशी झटायचं आणि मग भाताच्या तणसात संत्री रचून पेट्या भरायच्या. कंबरेचे टाके ढिले झालेल्या माणसांना बाबाचा एक झुरका मिळाला की दुखणं पळायचं. बाबा काही मागतही नसे. आणि खरा चमत्कार पुढंच होता. जो जायचा थांबे त्याला दुसऱ्या दिवशी नागाचा कोप होई. नाक वाहायचं, जांभयांवर जांभया यायच्या, हुडहुडी भरायची, हाडं मोडल्यासारखी दुखायची. पुन्हा एक झुरका घेतला की माणूस ठणठणीत. इतका रोकडा पुरावा आजवर कोणत्या देवानं दिला होता?

दोन महिन्यांत बाबाचा शब्द म्हणजे गावचा कायदा झाला. मग त्यानं हळूच सेवा मागितली. 'दूरच्या भक्तांचा प्रसाद' म्हणून कागदाच्या पुड्या यायच्या आणि त्या पांढुर्ण्याला गाडीत चढणाऱ्या पेट्यांत संत्र्यांखाली ठेवायच्या. गुणवंता हा गावातला सगळ्यात चांगला पेटी भरणारा. पुड्या तोच ठेवायचा. पुड्यांत काय आहे हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. प्रसाद कोणी उघडून बघतं का?

डिसेंबरात गुणवंताची बायको छाया बाळंत झाली. बाळंतपण मीच केलं. एरवी माझ्या हातचं पाणी न पिणाऱ्या घरातही बाळंतपणाला माझा विटाळ होत नाही. मुलगा झाला, वजन थोडं कमी होतं, पण रडला छान.

चौथ्या दिवशी सकाळी गेले तर बाळ थरथर कापत होतं. चिरका, न थांबणारा रडण्याचा आवाज. दूध तोंडात धरेना. पहिल्यांदा मला धनुर्वाताची भीती वाटली. पण नाळ मी नव्या ब्लेडनं कापली होती आणि जबडा मोकळा होता. मग बाळ शिंकलं, एकदा, दोनदा, पाचदा. लगेच जांभई दिली. नाक वाहत होतं.

मी दारातून ओसरीकडे पाहिलं. तिथं गुणवंता घोंगडं पांघरून कुडकुडत बसला होता. दोन दिवस घरच्या धावपळीत त्याला धुनीवर जाता आलं नव्हतं. त्यानं जांभई दिली आणि बाहीनं नाक पुसलं. बाप आणि लेक, दोघांचा आजार एकच होता.

"छाया, खरं सांग. तू धूर ओढत होतीस?"

तिनंही वाहतं नाक पदरानं पुसलं आणि मान खाली घातली. "कंबर लय दुखे बाई. यायनंच नेलं मले. सातव्या महिन्यापासून रोज."

प्रशिक्षणाला नागपूरला होते तेव्हा एका वॉर्डात खाटेला बांधलेले रिक्षावाले पाहिले होते. हीच हुडहुडी, हेच वाहणारं नाक. डॉक्टर म्हणाले होते, "गर्द. ब्राऊन शुगर. एकदा अंगात मुरली की मिळाली नाही म्हणून शरीर असं तडफडतं." शहराची पीडा म्हणून मी ते तिथंच सोडून आले होते. ती माझ्या मागोमाग गावात आली आणि मी सायकल वळवली होती!

सौंसरला जाणारी बस चौकात उभी होती. कापणाऱ्या बाळाला थंडीत खडखडत नेणं धोक्याचं वाटलं, म्हणून कंडक्टरच्या हाती डॉक्टरांना चिठ्ठी दिली, 'जीप घेऊन ताबडतोब या, बाळ वाचवायचं आहे.' म्हणजे निदान दीड तास तरी थांबायचं होतं.

परत आले तर ओसरीवर गुणवंता नव्हता. थोड्याच वेळात झांजांचा आवाज आला. पुढं बाबा, त्याच्या मागं धुनीतले पेटते निखारे घेतलेला चेला, आणि मागं अर्धं गाव. गुणवंता सगळ्यांच्या पुढं धावत होता.

"बाई, बाजूले व्हा! लेकरावर नागाचा कोप झाला. बाबा धूर देते म्हंते, दोन मिन्टात बरं होते!"

चार दिवसांच्या त्या छातीत धूर गेला तर दोन मिनिटांत काय होईल हे मला माहीत होतं. श्वासच थांबला असता. पण हे सांगितलं तरी ऐकणार कोण? तोंडाला आलं ते बोलले.

"सोयर हाय बाबा! दहा दिवस झाले नाई. बाळंतिणीच्या खोलीत गेले त तुमचा नाग बाटंल."

बाबाचा उंबऱ्यावर आलेला पाय थबकला. मागच्या म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या, "हो माय, सोयर त हायेच." आयुष्यभर ज्या सोयरसुतकाला मी नावं ठेवली त्याच्या आडोशाला त्या दिवशी उभी राहिले. लाज वाटली, पण उंबरा सोडला नाही.

"तो बच्चे को बाहर लाओ," बाबा गुरकावला. "यह औरत नाग का अपमान कर रही है. इसको भी कोप होगा!"

"कवा होईल?" मी विचारलं. "दोन महिन्यांपासून मी तुमच्या नागाले थेंब म्हणून राहिली. मले तर साधी शिंकबी आली नाई."

कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यानं मला धीर आला. मी गावाकडे वळले.

"लोकहो, बाळ बाहेर आणते. पण आधी एक करा. ज्याले ज्याले आजवर कोप झाला, तो माझ्या डाव्या हाताले बसा. ज्याले कधीच झाला नाई, तो उजव्या हाताले. लाजू नका."

चुळबुळ झाली. मग एकेक जण बसू लागला. डावीकडे तोडणीचे, पेटीवाले, हमाल असे चाळीस-एक जण बसले. त्यांत गजाननभाऊही होते, सात वेळा नागद्वारी केलेले, बाबाच्या आरतीत सगळ्यांच्या पुढं असणारे.

"गजाननभाऊ, तुमी नागाचा काय अपमान केला?"

"म्या? म्या काऊन करीन बाप्पा!" त्यांचा आवाज रडवेला झाला. "पोरीच्या घरी दोन दिस गेलो होतो. तिथं रोज नागाची पूजा केली. तरी झाला कोप."

"पूजा केली. धूर ओढला का?"

"धूर... नाई. तिथं कुठला धूर?"

मी उजवीकडे पाहिलं. तिथं बिडी हातात घेऊन बगीच्याचे रखवालदार दादाराव बसले होते.

"दादारावजी, तुमी धूर ओढला का कधी?"

"आपल्याले बिडी पुरते."

"अन् नागाचा अपमान?"

दादाराव खाकरले. "आता विचारून राहिली त सांगतो. मांगच्या महिन्यात बगीच्यात नाग निघाला. पोरं संत्रं तोडून राहिली होती. फणा काढून उभा झाला. म्या काठीनं मारला."

बायांनी तोंडाला पदर लावले. प्रत्यक्ष नाग मारलेला माणूस उजवीकडे धडधाकट बसला होता आणि नागाची आरती करणारा डावीकडे नाक पुसत होता. मग मी दोन्हीकडच्या एकेकाला तेच विचारलं, धूर ओढला का?

"पाहा आता," मी म्हणाले. "डाव्या हाताच्या सगळ्यायनं धूर ओढला. उजव्या हाताच्या एकानंबी रोज ओढला नाई. भक्तीचा इथं काई संबंधच नाई. तुमाले नागाचा कोप होत नाई, गर्द सुटली का अंग तडफडते. याच माणसानं ती लावली अन् हाच दवा म्हणून देऊन राहिला."

"झूठ!" बाबा किंचाळला. "फिर यह बच्चा? चार दिन के बच्चे ने धुआँ कब लिया? बोल! यह पूर्वजन्म का पाप है!"

पुन्हा कुजबुज सुरू झाली. डाव सटकतो की काय असं मला वाटलं. रस्त्यावर जीपची धूळ दिसत नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागं बांगड्या वाजल्या. छाया उंबरा ओलांडून बाहेर आली. सोयरातली ओली बाळंतीण, सगळ्या गावादेखत. कापणारं बाळ छातीशी धरून ती चालत गेली आणि डावीकडे, गजाननभाऊंच्या शेजारी मातीत बसली.

"म्या ओढला," ती म्हणाली. "तवा हा माह्या पोटात होता. जे मले भेटे, ते नाळेतून यालेबी भेटे. याचं पाप नाई. माहं हाय, अन् मले कोणी सांगतलं नाई."

मी पुढं होऊन बाळावर तिचा पदर ओढला.

मग डावीकडून गुणवंता उठला. ओसरीला दुपारच्या ट्रकसाठी भरून ठेवलेल्या पेट्या होत्या. त्यानं एका पेटीची फळी उचकटली, संत्री अंगणात ओतली आणि तणसाखालच्या पुड्या काढून त्यातली एक फोडली. तीच तपकिरी पूड.

"हेच का तुमचं दूरच्या भक्ताचं? हे म्या माह्या हातानं गावोगाव धाडून राहिलो होतो?" त्याचे दात थंडीनं वाजत होते की रागानं, कोण जाणे.

बाबानं कफनी गुडघ्याच्या वर उचलली आणि तो पळाला. नागद्वारीचा राजा संत्र्यावरून पाय घसरून पडला. दादाराव काठी घेऊन त्याच्या उशाशी बसले आणि त्यांनी शांतपणे बिडी पेटवली. जीप आली तेव्हा डॉक्टरांना आधी हेच दृश्य दिसलं.

बाळ आणि छाया छिंदवाड्याच्या इस्पितळात तीन आठवडे होते. औषधानं बाळाचं कापणं थांबलं, ते दूध प्यायला लागलं. गुणवंता नागपूरला वॉर्डात राहून आला. डाव्या हाताचे बरेच जण हळूहळू सुटले. दोघं सुटले नाहीत, त्यांतला एक त्यापायी मेला. पोलिसांनी पुड्यांवरून पुढची साखळी शोधली म्हणतात. पूर्ण तुटली की नाही, मला ठाऊक नाही.

पुढच्या नागपंचमीला गजाननभाऊ आठव्यांदा नागद्वारीला गेले. मी अडवलं नाही. परत आल्यावर उपकेंद्राच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, सात खेपा करूनबी ध्यानात नाई आलं, तिथं कोनीच पन्नी पेटवत नाई. आंधी इच्यारलं असतं त बरं झालं असतं."

माझं सांगणंही तेवढंच आहे. उद्या तुमच्या गावात कोणी येईल, त्याच्याजवळ नाग नसेल तर दुसरं काही असेल. तो फुकट देईल आणि नाही घेतलं तर कोप होईल म्हणेल. तेव्हा त्याच्याशी देवाबद्दल वाद घालू नका. अंगणात बसा, ज्यांना कोप झाला ते डावीकडे आणि ज्यांना नाही ते उजवीकडे, आणि प्रत्येकाला विचारा, तू काय घेतलंस? हे वेळेवर विचारा. मी दोन महिने उशिरा विचारलं आणि त्याची किंमत चार दिवसांच्या एका बाळानं मोजली.