लाटेतून आणलेली सॅक

मित्रांनो, मी राखाडी रंगाची, जाड कापडाची सॅक आहे आणि आमच्या जातीच्या मानाने आता म्हातारी झाले आहे. धुळ्याच्या पाच कंदील भागात वना नावाच्या कारागिराने मला शिवलं. पट्ट्यांना त्याने दुहेरी शिवण घातली आणि पाठीकडच्या बाजूला एक चोरकप्पा ठेवला. त्या कप्प्याचा मला फार अभिमान वाटायचा. पुढे जे घडलं ते त्याच कप्प्यापायी घडलं.

मला विकत घेतलं रत्ना मॅडमनी. त्या साक्रीच्या एका शाळेत भूगोल शिकवतात. फळ्यावर जपानचा नकाशा काढता काढता तो देश एकदा डोळ्यांनी पाहायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांच्या आईला, यशोदाबाईंना, हे पटलं नव्हतं.

"तठे धरती हालस म्हने," त्या म्हणाल्या. "तठे आपलं कोन शे?"

मॅडम नुसत्या हसल्या. माझ्यात त्यांनी शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणि एक छोटा तवा भरला. चोरकप्प्यात पासपोर्ट ठेवला आणि चेन ओढून घेतली.

जपानात पहिल्याच दिवशी मॅडमनी मला पाठीवरून काढून पोटावर घेतलं. तिथे गाडीत सगळे तसंच करतात, म्हणजे मागच्या माणसाला सॅकचा धक्का लागत नाही. गच्च भरलेल्या डब्यात कोणी बोलत नव्हतं. फोन वाजत नव्हते. त्या शांततेत मला मॅडमच्या काळजाचे ठोके ऐकू यायचे. रस्त्यावर कचऱ्याचे डबे नव्हते, म्हणून दिवसभराचा कचरा मीच पोटात सांभाळायची. पहिलीतली लहान मुलं एकटी शाळेत जायची आणि रस्ता ओलांडताना त्यांच्यासाठी गाडी थांबली की ड्रायव्हरला वाकून नमस्कार करायची. मॅडम स्वस्त खोल्यांत राहायच्या, दुकानातला थंड भात चटणीशी खायच्या आणि रोज म्हणायच्या की हे सगळं वर्गात सांगायचं आहे.

शेवटी आम्ही समुद्राकाठच्या एका लहान गावात गेलो. तिथे समुद्र दिसतच नव्हता. गाव आणि पाणी यांच्यामध्ये तुरुंगासारखी उंच भिंत होती. आमच्या मुक्कामाच्या घरासमोर विजेच्या खांबावर एक निळी पट्टी होती, मॅडमच्या डोक्याच्याही कितीतरी वर. मागच्या त्सुनामीच्या लाटेचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं.

घराच्या मालकीण हामादा आजी होत्या. ठेंगण्या, वाकलेल्या, सतत हसऱ्या. फोनवर भाषांतर करून त्यांनी मॅडमना सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगितली. जमीन हलली तर काहीही घेऊ नका, टेकडीवरच्या देवळाकडे पळा. मॅडमनी मान डोलावली. मग आजींनी चहा दिला. मॅडमनी त्यांना तव्यावर कळण्याची भाकरी करून खायला घातली. आजींना ती इतकी आवडली की त्यांनी पीठ हातात घेऊन हुंगून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि मी खोलीत चटईवर. अचानक घरातले, शेजारचे, रस्त्यावरचे सगळे फोन एकदम किंचाळले. मग जमीन हलली. कपाटातल्या बश्या खणखणल्या, भिंती करकरल्या. पावलं धावत बाहेर गेली. थोड्या वेळाने सगळं थांबलं आणि गावभर लावलेल्या कर्ण्यांतून एका बाईचा आवाज येऊ लागला. ती घाबरलेली नव्हती. एकाच सुरात तेच तेच सांगत होती. त्या सुराचीच मला जास्त भीती वाटली.

घर रिकामं झालं होतं. नळ थेंब थेंब गळत होता. मी वाट पाहत होते, कशाची ते मला ठाऊक नव्हतं.

टेकडीवर काय झालं ते मला नंतर कळलं. मॅडमनी सवयीने खांद्याकडे हात नेला आणि मी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "पासपोर्ट, माझा पासपोर्ट," असं त्या स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. तो शब्द साऱ्या जगाला कळतो. हामादा आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, हलकेच मान लववली आणि पायऱ्या उतरू लागल्या. मॅडमना वाटलं, खाली कोणाशी बोलायला जात असतील.

दार सरकल्याचा आवाज आला. आजी आत आल्या. मित्रांनो, तशा वेळीही त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या आणि नीट जोडून ठेवल्या. मला उचलून पाठीवर घेतलं. मी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. त्यांचं काळीजही मला ऐकू येत होतं, पण ते मॅडमच्या काळजापेक्षा संथ चाललं होतं.

आम्ही गल्लीत आलो तेव्हा पाणी आलं होतं. चित्रात दाखवतात तशी उंच लाट ती नव्हती. नदीच्या तोंडातून आत शिरलेलं ते काळं पाणी होतं. बुटकं, गुपचूप आणि भराभर चढणारं. त्याच्याबरोबर मासळीचे खोके आणि एक सायकल वाहत येत होती. आजी परत येईनात म्हणून समोरून मॅडम टेकडीवरून धावत खाली आल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी हात पुढे केला.

"आजी, हात द्या!"

आजींनी हात दिला नाही. आधी मला पाठीवरून काढलं आणि दोन्ही हातांनी, किंचित वाकून, मॅडमच्या हातात दिलं. तेवढ्यात पाण्याने त्यांचे पाय ओढले.

मॅडमनी मला घट्ट धरून माझा डावा पट्टा त्यांच्याकडे फेकला. आजींनी तो धरला. वनाची दुहेरी शिवण थोडा वेळ टिकली. मग एकेक टाका उसवत गेला आणि पट्टा माझ्यापासून सुटला. पाण्याने आजींना कोपऱ्यावरच्या भिंतीवर आपटलं. अग्निशमन दलाच्या दोघांनी त्यांना तिथून ओढून काढलं. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. पट्टा अजून मुठीत होता.

दवाखान्यात शहरातून त्यांचा मुलगा आला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, आता हा ओरडेल म्हणून. तो त्यांच्यासमोर येऊन कमरेत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. आमच्या घरी तुम्हाला त्रास झाला, क्षमा करा, असं तो म्हणाला. मॅडम तिथेच खाली बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी यशोदाबाईंना सारं सांगितलं.

"वाचनी ना ती माय?"

"वाचली. पण आता उभी राहणार नाही. आई, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

यशोदाबाईंनी मला हातात घेतलं, पट्टा उसवलेली जागा चाचपली आणि खुंटीला टांगलं. आजींचं ते घर कायमचं बंद झालं, असं पुढे कळलं. मी कित्येक महिने धूळ खात राहिले. मॅडम माझ्याकडे बघत नसत.

मग शाळेत संकटाच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव झाला. घंटा वाजली, मुलं हसत हसत बाहेर पळाली, बहुतेकांच्या पाठीला दप्तर होतंच. पुनम नावाची मुलगी कंपासपेटी राहिली म्हणून परत वर्गात शिरली. कधी आवाज न चढवणाऱ्या मॅडम तेव्हा इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारचे वर्गही गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत नेलं, टेबलावर ठेवलं आणि हामादा आजींची सगळी हकिकत सांगितली. आपली चूकही लपवली नाही.

आता दर महिन्याला न सांगता घंटा वाजते. मुलं रिकाम्या हातांनी बाहेर जातात आणि वर्गात आम्हीच उरतो, रांगेने ठेवलेली दप्तरं आणि मी. कधीकधी घंटा नसतानाही खिडकीच्या काचा थरथरतात. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं सगळे म्हणतात. मी मात्र कान देऊन ऐकत राहते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जरूर जपा. धुवा, शिवा, उन्हात वाळवा, फेकून देऊ नका. पण पायाखालची जमीन हलली तर आमच्याकडे वळूनसुद्धा पाहू नका, आणि आमची नावं तोंडातून काढू नका. तुमचं ऐकून कोणीतरी चांगलं माणूस आम्हाला आणायला निघेल.