दुसरं मोजमाप

गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. सर्दी झाली की जिथे जड होतं, तीच सायनस. स्कॅनमध्ये डोक्याचे पातळ काप दिसतात. प्रत्येक कापावर त्या पोकळीची कड माउसने गिरवायची, मग संगणक ते काप एकावर एक रचून तिचं आकारमान सांगतो. साठ माणसं, एकशेवीस पोकळ्या. आणि तीन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आधीचे आकडे न बघता. मोजणारा निदान स्वतःशी तरी जुळतो का, ते त्यातून कळतं, असं आमच्या विभागप्रमुख मॅडमचं म्हणणं.

मोजणाऱ्या आम्ही दोघी. मी रुग्णालयाच्या या विभागात बावीस वर्षं मुरलेली. दुसरी तिशीतली, सहा महिन्यांपूर्वी कंत्राटावर आलेली, तिला सगळे धाकटी म्हणतात. ही कानामागून येऊन तिखट होणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

पहिल्या वेळचे आकडे मी गुपचूप वहीत उतरवून ठेवले होते. दुसऱ्या वेळी अकरा माणसं प्रामाणिकपणे मोजली, मान आखडली आणि डोकं फिरलं. तेच हाड, तीच पोकळी, भिंत काय चालत जाणार आहे? वही उघडली. त्या अकरांचेसुद्धा आकडे खोडले आणि दशांशातला एखादा आकडा इकडेतिकडे करून दोन दिवसांत साठच्या साठ उरकले. हुबेहूब तेच येऊ नयेत एवढी अक्कल चालवली, तीही चोरीसाठी.

निकाल आला. माझे दोन वेळचे आकडे एक टक्काही हलले नव्हते. धाकटीचे सहा-सात टक्क्यांनी हलले होते. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला.

मग मॅडम धाकटीकडे वळल्या. "तुमचा हात अजून बसलेला नाही. पंधरा दिवस ताईंजवळ बसून शिका. नाहीच जमलं तर हे काम काढून घ्यावं लागेल, आणि महिनाअखेरीला तुमची मुदत वाढवा म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?"

पुढच्या सोमवारी सकाळी धाकटी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"ताई, पोकळी नाकात उघडते ना, तिथे हाडच नसतं. तिथे तुम्ही रेघ कुठे मारता? माझी रोज वेगळीकडे जाते."

तिथे सगळेच अंदाजाने रेघ मारतात. मीसुद्धा. हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण मी म्हणाले, "सवयीने कळतं गं."

"मग एक मोजून दाखवा ना. मॅडमनी तुमचे आकडे दिलेत मला, नमुना म्हणून." तिने कागद पुढे ठेवला. सतरावा माणूस, डावी बाजू. पहिल्या वेळी चौदा पूर्णांक तीन, दुसऱ्या वेळी चौदा पूर्णांक चार.

चाळीस मिनिटं मी जीव ओतून मोजलं. पडद्यावर आलं पंधरा पूर्णांक चार.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. आता ही बोलणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

"सॉरी ताई," ती म्हणाली. "मी अशी डोळे लावून बसले म्हणून तुमचा हात बिघडला. मी मागे बसते." आणि खरंच खुर्ची उचलून मागे गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने संशय घेतला असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं आणि रात्री निवांत झोपलेही असते. मला स्वतःची किळस आली.

"खुर्ची पुढे आण," मी मागे न बघता म्हणाले. "मी दुसऱ्यांदा मोजलंच नाही. वहीतून उतरवलं."

तिने मागूनच विचारलं, "म्हणजे माझे आकडे बरोबर होते?"

"बरोबर होते. एवढा फरक माझाही पडतो. आत्ता बघितलास ना."

"मी दोनदा डोळे तपासून आले, ताई." ती रडत नव्हती, नुसती सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, नीट बघा, काहीतरी बिघाड असणारच."

मी म्हणाले, "मॅडमना मी सांगते."

"कधी?"

तिने आजवर मला असा उलट प्रश्न केला नव्हता.

"आत्ता," म्हणत मी उठले. ती माझ्या मागोमाग निघाली. मी खरंच सांगते की नाही, हे तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.