मी, भिंतीवरचा गोगू

मी गोगू बोलतोय. हो, तोच तो. बागेच्या भिंतीवर बसून अखंड बडबड करणारा, जातीनं गोगलगाय. पान उलटायच्या आधी जरा थांबा, एवढीच विनंती. मला पाहिलं की लोक उठून जातात याची मला सवय आहे. त्याचा रागही नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

ज्यांनी आमची मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मिशाळ माळी आणि एक खादाड शेळी, एवढ्या दोघांचं ते कार्टून. माळी बाग फुलवायचा, शेळी ती फस्त करायची, आणि मग पळापळ. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. मागे संगीत वाजायचं, तेवढंच. तरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे पोट धरून हसायचे. गुलाब चावता चावता शेळी माळ्याकडे अशी काही बघायची की त्या एका नजरेवर लोक जीव ओवाळून टाकायचे. वर्षानुवर्षं हे असं मजेत चाललं होतं. आणि मग मी आलो.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे ओळीनं काचेची टेबलं होती आणि काचेखाली दिवे. काचेवर कागदावर कागद ठेवून चित्रं काढायची, म्हणजे खालचं चित्र वर दिसतं आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. खिडकीजवळचं टेबल तात्यांचं. शेळी तात्यांचीच. तिचं पळणं, तिचं घसरणं, कुंपणावरून उडी मारताना तिचं पोट आत जाणं, हे सारं त्यांच्या हातातून यायचं. दुसऱ्या कुणी काढलं तर ती शेळी न वाटता चार पायांचं स्टूल वाटायची.

ज्या कागदावर मला पहिल्यांदा काढलं तो कागद तात्यांच्या टेबलासमोर भिंतीला टाचलेला होता. त्यामुळे त्या खोलीत जे जे बोललं गेलं ते सगळं मी ऐकलंय. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

मला टाचलं त्याच दिवशीची गोष्ट. तात्या बाहेर चहा प्यायला गेले होते. रंग भरणाऱ्या ताई आत आल्या. त्यांना सगळे रंगताई म्हणायचे. मागोमाग दादा आले. दादा म्हणजे मालिकेचे दिग्दर्शक. रंगताईंनी माझ्याकडे पाहून नाक मुरडलं.

"दादा, हे ध्यान कोण?"

"गोगलगाय. भिंतीवर बसेल आणि पलीकडे काय चाललंय ते सांगेल."

"सांगेल? अहो, आपल्याकडे कुणी बोलतं का कधी? पळापळ दाखवायची की सांगायची?"

दादांनी दार लोटून घेतलं. "ताई, मागच्या भागातली शेळी पाहिलीस ना तू?"

रंगताईंनी लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मी रेघ जाड करून पाहिली. रंगानं झाकायला गेले. नाही झाकली जात."

काय झाकलं जात नव्हतं ते मला त्या दिवशी कळलं. तात्यांचा हात थरथरायला लागला होता. एकेकटं चित्र पाहिलं तर ते कळत नाही. पण चित्रं एकामागून एक पडद्यावर धावू लागली की प्रत्येकातली रेघ वेगळीकडे हललेली असते, आणि शेळीच्या अंगावर मुंग्या सुटल्यासारखं दिसतं. तात्या मात्र कधी कागदाला नावं ठेवायचे, कधी दिव्याला.

"मी त्याला कसं सांगू?" दादा म्हणाले. "मिसरूड फुटायच्या आधीपासून एका टेबलावर बसलोय आम्ही. शेळी त्यानं जन्माला घातलीय. तिचं पळणं त्याच्याकडून काढून दुसऱ्याला देऊ? तो दुसऱ्या दिवशी यायचा बंद होईल. घरी बसून काय करेल तो? म्हणून हा गोगू. हा जागचा हलत नाही. अंग एकदा काढलं की झालं, पुढे नुसतं तोंड बदलायचं. आणि गोगलगायीचं अंग तसंही लिबलिबीत. रेघ हलली तरी कुणाच्या लक्षात यायची नाही."

"लोक शिव्या देतील हो."

"देऊ देत. मला देतील."

इथे दादांचा अंदाज चुकला. शिव्या मला पडल्या.

तात्या चहा पिऊन आले तेव्हा दादांनी त्यांना वेगळंच सांगितलं. "अरे, लोकांना आता बोलणारं कुणीतरी हवंय. शेळी काय, तुझ्या हातची झालेलीच आहे. नवं पात्र उभं करायला मुरलेला हात लागतो. दुसऱ्या कुणाला जमणार नाही." तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दादांकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर काढतो." त्या बघण्याला मी माया समजलो. नवा जीव होतो, काय कळणार?

आता प्रश्न आला आवाजाचा. आमच्याकडे कधी कुणी बोललेलंच नाही, तर बोलणाऱ्या माणसांची ओळख तरी कुठून असणार? शेवटी दादांनी आपल्या मेहुण्याला पकडून आणलं. तो विमे विकायचा. नाकातून बोलायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचा नाही. तोच आवाज मला चिकटला. "मी सांगतो ना, मी सांगतो!" हे माझं पालुपद. ते त्या मेहुण्याचंच, रोजच्या वापरातलं.

झालं. त्या दिवसापासून पळापळ भिंतीच्या पलीकडे गेली आणि मी अलीकडे बसून सांगू लागलो. "अरे अरे, शेळी हौदात पडली! माळीबुवा तिच्यावर पडले! आता बघा हं, गंमत आहे!" बघायला काहीच नसायचं. भिंत आणि मी. वर मीच आधी हसायचो. भागाच्या शेवटी दोन शहाणपणाचे शब्दही ऐकवायचो. माझ्या सांगण्यात माळ्याच्या अंगावर चिखल उडायचा, शेळीच्या डोक्यात बादली अडकायची, मला मात्र कधी धूळसुद्धा लागली नाही. लागणार कशी? धूळ लागायची तर अंग पुन्हा काढावं लागलं असतं.

घरोघरी काय व्हायचं तेही मी पाहिलंय, कारण जिथे मला दाखवतात तिथे मी असतोच. एका घरात बाप आणि लेक गादीवर लोळत बघत होते. मी भिंतीवर उगवलो तसा बाप पाणी प्यायला उठला.

"बाबा, थांबा ना, शेळी येईल आता."

"नाही येत गं. आता हा बडबडणार. आली की हाक मार मला."

पोरगी बिचारी वाट बघत बसली. शेळी आली नाही. भाग संपल्यावर ती बापाला म्हणाली, "हा हसायचं कधी तेसुद्धा सांगतो. आम्हाला काय कळत नाही?" तेव्हा मला वाटलं, भिंत पोकळ असती तर आत शिरलो असतो.

खेळण्यांच्या दुकानात तर माझी फारच शोभा झाली. शेळी संपायची, माळी संपायचा, मी फळीवर तसाच. दुकानदारानं वैतागून शेळीबरोबर मला फुकट द्यायला सुरुवात केली. तर दुसऱ्या दिवशी लोक मला परत आणून द्यायचे. "भाऊ, हा राहू दे तुम्हालाच." फुकटातही नको असणं म्हणजे काय, ते मला विचारा.

पुढे मालिका बंद पडली. माझ्यामुळेच पडली असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण बंद पडेपर्यंत तात्या रोज आले, त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसले, माझी तोंडं काढली. उघडं, मिटलेलं, दात दाखवणारं. घरी गेले ते सगळ्यांबरोबर, मानानं. मी स्वतःची समजूत काढायचो. जग नाक मुरडेना का, ज्या हातांनी मला काढलं त्यांना तरी मी आवडतो. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली.

आणि परवा तेही गेलं.

झालं असं, की जुने भाग धुऊनपुसून पुन्हा लोकांपुढे आणायचं ठरलं. हे काम करणारी एक तरुण संकलक आहे. हौशी आहे आणि मालिकेवर तिचा भारी जीव. तिनं एका छोट्या सभागृहात चाहत्यांना बोलावलं. पहिल्या रांगेत दादा काठी घेऊन बसले होते. शेजारी तात्या, त्यांना धरून आणलेली त्यांची लेक, आणि पलीकडे रंगताई. तात्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

आधी जुना भाग लावला, माझ्याशिवायचा. काय हसले लोक! शेळीनं माळ्याची टोपी खाल्ली तेव्हा तात्या स्वतःच टाळ्या वाजवू लागले, आणि मग हात पुन्हा मांड्यांखाली गेले. मग माझा भाग लागला. मी भिंतीवर आलो मात्र, सभागृहातून एक लांब "हूंऽऽ" निघाला. मी तोंड उघडायच्या आधी सगळे एका सुरात ओरडले, "मी सांगतो ना, मी सांगतो!" शिट्ट्या काय, हुर्यो काय. तात्यांसमोर हे नको व्हायला होतं. पण एकदा पडद्यावर आलं की माझं बोलणं माझ्या हातात नसतं. लोक ओरडत होते आणि मी मेहुण्याच्या नाकातून बोलत होतो. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

संकलकानं चित्र मध्येच थांबवलं आणि दिवे लावले. मी मागे पडद्यावर तसाच, तोंड वासून.

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. "मला दादांना विचारायचंय. शेळी आम्हाला काही सांगायची नाही, आमचं आम्हीच ओळखायचो. त्यातच तर मजा होती. हा आला आणि आम्हाला बिनडोक ठरवून मोकळा झाला. का आणलात याला?"

सगळे दादांकडे बघू लागले. रंगताईंनी मान खाली घातली. दादा उठले. खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी सारं सभागृह विरघळलं असतं. पण शेजारी तात्या होते. दादा हसून म्हणाले, "हौस माझी. म्हातारचळ म्हणा हवं तर. चूक माझी आहे."

तेवढ्यात तात्यांनी मांडीखालचा एक हात काढला आणि दादांना खाली बसवलं. "थांबा, मी सांगतो," असं त्यांच्या तोंडून गेलं आणि लोक खो खो हसले. तात्यांना ते कळलंच नाही.

"हा खोटं बोलतोय," तात्या म्हणाले. "हौस कसली? त्या वर्षी याचं डोकं चालेनासं झालं होतं. नवीन काही सुचत नव्हतं बिचाऱ्याला. आणि एक दिवस हे ध्यान घेऊन आला. मला हा गोगू एक दिवस आवडला नाही, खरं सांगतो. पण तोंडावर नाही म्हटलं असतं तर हा खचला असता. पोरपणापासूनचा माझा मित्र आहे. म्हणून मुकाट्यानं काढला. नाहीतर अशी शेळी हाताशी असताना गोगलगाय कोण काढतं हो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रंगताईंनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसल्या. दादांचं तोंड एकदा उघडलं, एकदा मिटलं. मग ते म्हणाले, "खरंय याचं. नव्हतंच चालत डोकं." एवढंच.

म्हणजे दादांना मी नको होतो, तात्यांनाही नको होतो. एकमेकांची मनं जपायला दोघांनी मला आयुष्यातली चांगली वर्षं दिली आणि आपल्या लाडक्या मालिकेचं वाटोळं करून घेतलं. माझ्यासाठी कुणी काही केलं नव्हतं. मी उगाच फुशारत होतो, याचीही लाज वाटली.

शेवटी संकलकानं विचारलं, "आता यंत्रानं याला चित्रातून पुसता येतं. पुसायचा का? हात वर करा."

सगळे हात वर गेले. तात्यांचाही गेला. दिव्याच्या उजेडात तो हात पानासारखा हलत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. लपवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नसावं. दादा त्या हाताकडे बघत राहिले. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात काठीवर होते. तात्यांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "अरे, कर की वर. आता कुणाला भितोस?" मग दादांनीही हात वर केला.

तेव्हा आता मला पुसताहेत. रोज थोडा थोडा जातोय. तक्रार नाही. उलट सुटका वाटते.

पण एक गोष्ट त्या संकलकाच्या अजून ध्यानात आलेली दिसत नाही. मी गेलो की मागे भिंत उरेल. भिंतीपलीकडची पळापळ काही दिसणार नाही, कारण ती कुणी काढलेलीच नाही. मग तुमच्यापैकी कुणीतरी हुशार माणूस विचारेल, इतक्या भागांत शेळी पळताना का नाही? तात्यांनी तिला पळवायचं का सोडलं?

तेवढं विचारू नका. निदान ते दोघं आहेत तोवर तरी नको. मला हव्या तितक्या शिव्या घाला, माझ्या आवाजाची नक्कल करा, मी मालिका बुडवली म्हणा. शिव्या माझ्यापाशी येऊन थांबतात, पुढे जात नाहीत. आणि आज मी जे बोलून बसलो ते पोटात ठेवा. आयुष्यभर नको तिथे बोललो. एवढं एकच झाकायचं काम माझ्याकडे होतं, आणि तेही मला तुमच्यावर सोपवून जावं लागतंय.