मोटेच्या चामड्याची हवाबंदूक

मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे, मित्रांनो. माझ्यात दारू भरत नाहीत, मी निव्वळ हवेवर चालते. हसू नका! याच हवेच्या जोरावर मी एकदा अख्खी जत्रा श्वास रोखून उभी केली होती.

माझा जन्म जर्मनीतला. भिंगारच्या छावणीतल्या एका साहेबाने मला हौसेने आणले आणि बदली झाल्यावर विकून टाकले. मी जैनुद्दीनच्या हाती आले आणि माझे नशीब उघडले! जैनुद्दीन जत्रांमधून नेमबाजीचा खेळ मांडायचा. फळीवर खडूचे तुकडे, दोऱ्याला टांगलेल्या बांगड्या, उडालेले बल्ब. त्याची बायको मुबारकबी छरे भरून द्यायची. राहात्याच्या बाजारापासून पार शेवगावपर्यंत आम्ही बैलगाडीने हिंडलो. पोरे माझ्या दस्त्यावरून हात फिरवायची आणि मी मनातल्या मनात फुगून जायची.

सोनईकडच्या एका गावची जत्रा मात्र माझी सगळ्यात लाडकी. तिथे उंच बांबूच्या टोकाला दोऱ्याने नारळ टांगत. नेमबाजाने तीन छऱ्यांत तो दोरा तोडायचा. नारळ खाली आला की हलगी वाजायची आणि कुस्त्या सुरू व्हायच्या. हा मान जैनुद्दीनचा होता, आणि मान होता म्हणून देवळासमोरची मोक्याची जागाही त्याच्याच खेळाला मिळायची. त्या जागेवर त्याचे वर्ष निघायचे.

आणि मग एके दिवशी माझ्या पोटातली स्प्रिंग मोडली. खाडकन आवाज झाला आणि मी मुकी झाले. साल त्रेचाळीस. लढाई ऐन भरात होती आणि तीही जर्मनीशीच, तेव्हा माझी स्प्रिंग कोण पाठवणार! जैनुद्दीन छावणीत पोती उचलायला जाऊ लागला आणि मी खुंटीवर लटकले. त्या साली नारळ काठीने पाडावा लागला. पंचांपैकी काकासाहेबांनी जैनुद्दीनला बोलावून स्पष्टच सांगितले, "पुढच्या जत्रंला तुज्या छऱ्यानं नारळ पडला तर जागा तुजी. न्हाई पडला तर ती भिमाजीच्या पाळण्याला. मंग माज्याकडं रडत यायचं न्हाई."

जैनुद्दीन घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मुबारकबी मात्र तसल्या मातीची नव्हती. तिने मला खुंटीवरून काढले, चादरीत गुंडाळले आणि भिंगारच्या बाजारात आपल्या भावाकडे, गनीभाईकडे नेले. गनीभाई स्टोव्ह आणि बत्त्या दुरुस्त करायचा.

"भाईजान, हिला जिती करा."

गनीभाईने मला उलटी-सुलटी केली, नळीत फुंकर मारली आणि डोके खाजवले. "स्प्रिंग तर मिळनार न्हाई, मुबारक. पन स्टोव्हला कुठं स्प्रिंग असती? पंप मारला की झालं. हिलाच पंप बसवला तर?"

काय सांगू, मित्रांनो, ते ऐकून माझ्या लोखंडातून शहारा गेला! त्याने माझे पोट रिकामे केले. आत जाड पितळी नळी बसवली, ती माझी हवेची टाकी. नळीखाली पंपाची दांडी आली. टाकीच्या तोंडाशी एक झडप बसली. चाप ओढला की मागे ओढून ठेवलेला खटका झडपेवर आपटायचा, झडप क्षणभर उघडायची आणि कोंडलेली हवा छऱ्याला घेऊन सुटायची.

निदान तसे ठरले तरी होते! पहिल्या दिवशी मुबारकबीने दांडी मारली, चाप ओढला आणि मी केले फुस्स. छरा नळीतून घरंगळून तिच्या पायाशी पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पंपाला वॉशर हवा होता. लढाईत रबर मिळेना, चपलेचे चामडे फाटले. शेवटी मुबारकबीलाच सुचले. "मोटेचं चामडं घेतलं तर? विहिरीतनं एवढं पानी वर येतंय, त्यात थेंब गळत न्हाई."

मोटा शिवणाऱ्या सहादेवने एक तुकडा आनंदाने दिला. गनीभाईने तो गोल कापून करडईच्या तेलात मुरवला आणि माझ्या पोटात बसवला. मला पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिले, तर बारीक बुडबुड्यांची एक माळ वर आलीच. "एवढीशी गळती ऱ्हायली बघ," तो चुकचुकला.

पण मुबारकबीने मला पुसून खांद्याला लावले. परसात डालड्याचा रिकामा डबा होता. तिने दांडी मारली, श्वास धरला, चाप ओढला.

टण्ण! डब्याला या बाजूने भोक, त्या बाजूने भोक! गनीभाई पान्हा फेकून नाचायला लागला. मुबारकबी तोंडावर पदर धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी तर वेडीच झाले होते.

"आता ध्यानात ठेव," गनीभाईने बजावले, "दांडी हाताला जड लागली की थांबायचं. हवा लई झाली तर झडपच दाबून बसंल, मंग खटका आपटून उपेग न्हाई." जैनुद्दीन दिवसभर छावणीत असायचा, म्हणून नेम साधायला मुबारकबीच रोज परसात यायची. कधी डबा, कधी खडू, कधी दोरा. आम्ही एकमेकींना पाठ झालो.

जत्रेचा दिवस उजाडला. काय ती गर्दी! भेळ, रेवड्या, पिपाण्या, तालमीतले पैलवान मातीत बसलेले. बाजूला भिमाजीने पाळण्याचे लाकूड आणूनही ठेवले होते. पुंजाराम हलगीवाला हलगी शेकत उभा होता. जैनुद्दीनने पागोटे नीट केले, मला उचलले आणि बांबूखाली आला. माझ्या पितळी दांडीवर ऊन चमकले. किती दिवसांनी मी माणसांत आले होते!

पहिला छरा. गेला खालून. गर्दीतून "आऽऽ" असा सूर निघाला.

दुसराही खालूनच गेला. मला कळत होते काय चुकतेय, पण सांगणार कसे? स्प्रिंग होती तेव्हा मी चाप ओढताच जोरात वर हिसका द्यायची. जैनुद्दीनचे अंग त्या हिसक्याला सरावलेले. आता हिसकाच नव्हता, तरी त्याचा हात आधीच दबत होता. जुन्या सवयीने तो मला खाली ओढत होता.

"हवा कमी पडतीया! आनखी हाना!" कुणीतरी ओरडले. मग सगळीच ओरडायला लागली. "हाना! हाना!" जैनुद्दीनला चेव आला. त्याने दांडी मारली. ती जड झाली तरी मारली. दोन्ही हातांनी मारली. माझ्या पोटात हवा अशी ठासली गेली की वाटले, आता फुटते! त्याने नेम धरला आणि चाप ओढला.

खट.

छरा हललाच नाही. खटका मागे घेऊन पुन्हा चाप ओढला. खट. भिमाजी खो खो हसला. "आरं, बंदूक हाय का अडकित्ता?" हशा पिकला. जैनुद्दीनचा चेहरा काळाठिक्कर पडला. काकासाहेबांनी मान हलवून पुंजारामला खूण केली, "आन काठी."

"थांबा!"

गर्दीतून मुबारकबी पुढे आली. "तिसरा छरा अजून नळीतच हाय, काकासाहेब. तो सुटल्याबिगर खेळ संपत न्हाई."

काकासाहेबांनी इकडे-तिकडे पाहिले. "ते खरं हाय," ते म्हणाले. "पन सुटनार कवा?"

तिने मला नवऱ्याच्या हातून घेतले आणि माझे पोट कानाशी धरले. आत मोटेचे चामडे झिरपत होते, सूंऽऽ, अगदी बारीक. ज्या गळतीपायी गनीभाई हळहळला होता तीच आता माझी हवा कमी करत होती. "हवा उतरंल," ती म्हणाली. "शकिलाचे अब्बा, घ्या. जरा वेळानं मारा."

जैनुद्दीनने हात पुढे केला. त्याने तो मागे घेतला. "तूच मार," तो हळूच म्हणाला. "तुजा हात हिला ठावा हाय."

ती उभी राहिली. पदर खोचला, मला खांद्याला लावले. लोक शिट्ट्या मारत होते आणि ती नुसती ऐकत होती. सूंऽऽ बारीक झाला. तिने चाप ओढला. खट! पुन्हा हशा उसळला. तिने पापणीही हलवली नाही. खटका परत मागे ओढून ठेवला आणि थांबली. हळूहळू हसणारेही गप्प झाले. वाऱ्याने नारळ डुलत होता. माझ्या नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायची ती बारीक खूण, दोऱ्याला भिडली, सुटली, परत भिडली. आता, मी मनात ओरडत होते, आता!

फट्ट!

दोरा तुटला आणि नारळ धाडकन मातीत आदळला. अहाहा, तो गलका! पुंजारामने हलगीवर काठी टाकली, पैलवान मांड्या थोपटत उठले. भिमाजीनेसुद्धा टाळी वाजवली. काकासाहेबांनी जैनुद्दीनचा खांदा थोपटला. "जागा तुजी, गड्या. पुकार रं पुंजाराम, जैनुद्दीनचा खेळ!"

"माजा न्हाई," जैनुद्दीन म्हणाला. "नाव तिचं पुकारा."

काकासाहेब क्षणभर घुटमळले, मग हसले. आणि पुंजाराम अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असा गरजला, "मुबारकबीची बंदूऽऽक!" मुबारकबीने मला छातीशी घट्ट धरले होते. तिच्या काळजाची धडधड माझ्या पितळी नळीत घुमत होती.

मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकून देऊ नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगते. दुरुस्त झालेली वस्तू पहिल्यासारखीच वागावी, असा हट्ट धरू नका. ती नव्याने कशी वागते ते शिकून घ्या. माणसांचेही तसेच असावे, पण मी आपली बंदूक, मला त्यातले काय कळणार!

आज मी त्यांच्या लेकीच्या, शकिलाच्या घरी भिंतीवर आहे. सणासुदीला मला पुसतात, पाहुण्यांना दाखवतात. पण पुसून चामडे ओले होत नाही. ते आत वाळत चालले आहे. मला तेल द्या. माणसावर किंवा पाखरावर कधीही रोखू नका, पण मला खाली काढा. परसात एखादा रिकामा डबा मांडा आणि घरातल्या ज्या पोरीला आजवर कुणी विचारले नाही, तिच्या हातात मला द्या. तिचा नेम चुकला तरी चालेल, मी वाट पाहीन.