आंबटाचं पथ्य

दापोलीत वैद्यांची काही वाण नव्हती. पण दर्शनला दापोलीचा वैद्य नको होता, खेडचा नको होता, चिपळूणचाही नको होता. आपल्या बुरोंडी गावातलं कुणी चुकूनही भेटणार नाही अशा गावचा हवा होता. म्हणून तो आणि त्याची बायको वेदिका एसट्या बदलत बदलत पार राजापूरला गेले. घरी सांगितलं, मित्राकडे वास्तुशांत आहे. वादळात बोटीवर उभा राहणारा हा गडी डॉक्टरांच्या एका वाक्याला भ्यायला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की मूल होत नाही याचं कारण नवऱ्याकडे आहे, बायकोकडे काही नाही.

राजापूरच्या वैद्यबुवांनी नाडी पाहिली, झोप विचारली, बोटीच्या इंजिनरूममध्ये उकाडा किती असतो तेही विचारलं. मग अश्वगंधा आणि कवचबीजाचं चूर्ण बांधून दिलं, रोज तूप घातलेल्या दुधातून घ्यायला.

"खाल्लेल्या अन्नाचं आधी रक्त होतं, मांस होतं, हाड होतं, आणि सगळ्यात शेवटी शुक्र," ते म्हणाले. "तिथे घाई चालत नाही. तीन महिने आंबट नको, खारवलेलं नको, दारू नको. समुद्राकाठच्या माणसाला जड जाईल, पण पथ्य नसेल तर औषध घेऊ नका. आणि खात्री मागू नका, ती मी देत नाही."

वेदिकेला माणूस खरा वाटला. परतताना एसटीत दर्शनने तिचा हात हातात धरून ठेवला होता, आणि तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं होतं.

घरी पोचल्यावर पिशवीतली पुडी सासूबाईंच्या, म्हणजे दमयंतीबाईंच्या नजरेला पडली.

"ही कसली पूड गो?"

वेदिकेने दर्शनकडे पाहिलं. दर्शन चपला काढत होता, आणि त्या काही केल्या निघत नव्हत्या.

"माझं औषध आहे, आई," वेदिका म्हणाली. नवऱ्याची लाज झाकायची म्हणून बोलून गेली बिचारी. दोन-चार दिवसांत तो स्वतःच सांगेल असं तिला वाटलं होतं.

सासू वाईट असती तर निभावलं असतं. पण दमयंतीबाईंनी त्या औषधाला वाहून घेतलं. सकाळी स्वतः दूध उकळायच्या, तूप सोडायच्या, चूर्ण ढवळून सुनेच्या हातात पेला द्यायच्या. पथ्य तर त्यांनी पाठच केलं. वेदिकेचं वरण वेगळं, भाजी वेगळी, आमसुलाचा थेंब नाही की सुक्या मासळीचा वास नाही. पेला वेदिका खोलीत न्यायची आणि दर्शन तो गपचूप प्यायचा. पण दूध खोलीत नेता येतं, ताट कसं नेणार? ताटं आईसमोरच मांडली जायची. आठ-आठ महिने दर्यावर काढून आलेला एकुलता एक लेक, त्याला बांगड्याचं कालवण नाही वाढायचं तर कुणाला? आमसूल, तिरफळ, भरपूर तिखट.

"खा रे पोटभर. बोटीवर कोण देतंय तुला असं!"

आणि दर्शन खायचा. नको म्हटलं तर आई विचारणार, का नको. पहिल्या दिवशी त्याचा घास घशात अडकला. पुढे अडकेनासा झाला. समोर वेदिका अळणी वरणभात गिळायची. दुखणं त्याचं, पथ्य हिचं, असा त्या घरातला संसार.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ? सुनेचं औषध चाललंय, हे दमयंतीबाईंनीच कौतुकाने सांगितलं होतं. शेजारच्या ईशाच्या डोहाळजेवणात बायका एकेक करून ओटी भरायला उठल्या. गावातल्या विमलाकाकूंनी हळूच वेदिकेच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि तिला पाणी वाटायला सांगितलं. वेदिकेने पाणी वाटलं. घरी येऊन ती खूप रडली. दर्शन पाठीवरून हात फिरवत राहिला. "सांगतो गं आईला," म्हणाला, "सांगतो."

तीन महिने सरले, बोटीवर रुजू व्हायची तारीख आली. त्याआधी मुंबईत पुन्हा तपासणी झाली. फरक काही नव्हता.

निघायच्या दिवशी दुपारी बॅग ओटीवर येऊन बसली होती. आत ताटं मांडली जात असताना वेदिका दर्शनला म्हणाली, "तू जाशील बोटीवर. मला इथे राहायचंय. आज कालवण नको म्हण आणि का नको ते सांग. एवढंच माग‌ते."

"सांगतो," तो म्हणाला.

दमयंतीबाईंनी कालवणाचा डाव पुढे केला. दर्शनने ताट थोडं पुढे सरकवलं आणि भात कालवायला घेतला.

वेदिका त्याच्या बोटांकडे बघत राहिली. तिच्या आतलं काहीतरी संपलं. तिने आपलं वरण बाजूला केलं. "आई, मलाही तेच वाढा. आमसुलासकट."

दमयंतीबाईंचा हात थबकला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आंबट खावंसं वाटतंय होय गो तुला? कधीपासून? अगो बोलायचं नाय होय आधी? अरे दर्शन, ऐकलंस?"

असं काही होईल हे वेदिकेच्या ध्यानीमनीही नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यांतला आनंद तिला बघवेना. ती मान हलवून कसंबसं म्हणाली, "नाही हो आई. तसलं काही नाही."

"मग पथ्य का मोडत्येस?" दमयंतीबाई रडकुंडीला आल्या. "इतके दिवस मी जपलं ते कशासाठी? तुलाच नको असेल मूल, तं देव तरी काय करणार?"

वेदिकेत खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं आणि खरं बोलणं तिचं काम नव्हतं.

"आई," दर्शन म्हणाला. भाताचा घास तसाच हातात होता. "पथ्य तिचं नव्हतंच. औषध माझं होतं. ते मीच पीत होतो. दोष माझ्यात आहे."

दमयंतीबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग नजर खाली आली, त्याच्या ताटातल्या लालसर कालवणावर आणि स्वतःच्या हातातल्या डावावर.

"म्हंजे मीच रे," त्या म्हणाल्या. "तीन महिने मीच वाढत होत्ये तुला."

त्यात तुमचा काय दोष, असं वेदिका म्हणू शकली असती. तिने दर्शनकडे पाहिलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. तिने सासूबाईंच्या हातातून डाव काढून घेतला, त्यांना पाटावर बसवलं आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं. दर्शनची मुंबईची गाडी संध्याकाळची होती.