निळी तबकडी

"इकडून," पेंटर म्हणाला आणि कोणालाही न विचारता भांडीबाजाराच्या गल्लीत शिरला.

त्याची बायको दोन पावलं मागे थांबली. बसमधून उतरल्यापासून हा असाच वळत होता. घरी मात्र म्हणाला होता, की हे गाव आपणही पाहिलेलं नाही. जुनी बाजारपेठ आहे, दगडी कमानी आहेत, लग्नाचा वाढदिवस आहे, तर एक दिवस जाऊन येऊ. ज्या माणसाला लग्नाची तारीख दरवर्षी सांगावी लागायची, त्याला यंदा ती आपणहून आठवली. तिचा निम्मा संशय तिथेच पक्का झाला होता.

संशय घेणं हे तिचं पोटापाण्याचं काम. मुलींच्या वसतिगृहाची कोठी तिच्या ताब्यात होती आणि तेलाचा डबा कोणाच्या हाताने हलका होतोय, हे तिला स्वयंपाकिणींच्या चालण्यावरून कळायचं. त्या तिला पाठीमागे 'कुलूपबाई' म्हणत. हेही तिने असंच हुडकून काढलं होतं. आता अशा बाईच्या स्वतःच्या घरात गेले काही महिने कुठेतरी पाणी मुरत होतं. नवरा दर गुरुवारी परगावी पाट्या रंगवायला जायचा आणि सदऱ्यावर रंगाचा एक थेंब न घेता परत यायचा. विचारलं, तर ताकास तूर लागू द्यायचा नाही. त्यात हल्ली तो तिच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. बोलणं तिच्याशी आणि नजर तिच्या कानाजवळून भिंतीवर. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस साठीला टेकल्यावर बायकोची नजर चुकवू लागला, तर त्याचा अर्थ समजायला कोठी सांभाळावी लागत नाही.

गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. चहावालीने पेंटरला बघताच बाक पुसला.

"काका, आज गुरुवार नाही, तरी आलात?"

"चहा नको," पेंटर घाईघाईने म्हणाला. "आधी चौक बघून येऊ."

पण बायको बाकावर बसलीसुद्धा. "नेहमी येतात वाटतं?" तिने गोड आवाजात विचारलं. हा आवाज ऐकला, की वसतिगृहातल्या स्वयंपाकिणींना घाम फुटायचा.

"तर काय! गरीब माणूस आहेत हो. त्या बाई हात धरून आणून बसवतात, मग तासभर बसतात इथे एकटेच." चहावालीने पातेलं विस्तवावर ठेवलं. "तुम्ही कोण यांच्या?"

"मी?" ती उठली. "मी आज सोबत आलेय."

पुढची सगळी गल्ली ती त्याच्या मागून चालली. या वयात हात धरून! आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डाळतांदळावर पहारा केला आणि आपल्याच घराचं दार सताड उघडं राहिलं. तिला राग आला होता, पण त्याच्याखाली नुसती भीती होती. परतीच्या बसमध्ये आपण एकट्याच असू की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

चौकात आल्यावर तो थांबला. त्याने हात वर केला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ते बघ. घंटाघर. निळी तबकडी बघ आणि आकडे बघ कसे काढलेत. सहाच्या पोटात केवढी जागा सोडलीय! असा हात आता कोणाचा राहिला नाही."

तिने वर बघितलं. घंटाघराला वरपासून खालपर्यंत बांबूची परांची बांधली होती आणि तिच्यावरून गोणपाट सोडलं होतं. दुरुस्ती चालली असावी. तबकडी तर नाहीच, दगडसुद्धा दिसत नव्हता.

सापडला, असं तिला वाटलं. आधी त्या बाईबरोबर बघून गेलाय, म्हणून बोलतोय. ती तोंड उघडणार, तेवढ्यात अडखळली. तो सरळ त्या गोणपाटाकडे बघत होता आणि कौतुकाने मान हलवत होता. लबाड माणूस समोर ढळढळीत दिसणाऱ्या गोष्टीबद्दल खोटं कशाला बोलेल? आणि मग तिच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून इतक्या दुकानांवरून आलो, पण याने एकाही पाटीला शिवी घातली नाही. एरवी वाकडा 'र' दिसला, तरी याला जेवण गोड लागायचं नाही.

"कोण ती बाई?" तिने तरीही विचारलं. आवाजात जोर उरला नव्हता.

त्याने हात खाली घेतला. "सिस्टर आहे. मागे डोळ्यांचा दवाखाना आहे ना, तिथली. औषध घातलं, की काही सुधरत नाही. म्हणून सोडते बिचारी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"मधलं गेलंय. कडेकडेचं राहील म्हणे. तुझ्याकडे सरळ बघितलं, की तू पुसली जातेस. जरा बाजूला बघितलं, की असतेस."

सवत नाही, याचंच तिला आधी बरं वाटलं. मग बरं वाटल्याची इतकी लाज वाटली, की तिने त्याचा दंड घट्ट धरला.

"मला का नाही सांगितलंत?"

"आज सांगणारच होतो. पहिल्या गुरुवारी हे घड्याळ मला लख्ख दिसलं होतं. म्हटलं, वाढदिवसाला तुला घेऊन येऊ, दोघं मिळून बघू आणि मग सांगू. तोवर डोळे टिकतील असं वाटलं होतं." तो ओशाळून हसला. "राहू दे. तू बघितलंस ना? तुझं बघून झालं, तरी पुरे."

डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिने आजवर कशाचीच खात्री दिली नव्हती. वाऱ्याने गोणपाट फुगलं आणि परत बांबूवर आपटलं.

"बघितलं," ती म्हणाली. "सुरेख आहे."

"निळा उडालाय का गं कुठे?"

"छे. काल दिल्यासारखा आहे."

"आणि काटे? पितळी आहेत ना?"

"पितळीच. उन्हात चकाकतायत."

तो खूश झाला. "किती वाजलेत त्यात?"

तिने पदराआडून मनगट वळवलं, स्वतःच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाली, "पावणेबारा."