निर्मुखाच्या कानात

मी खलनायक आहे. पोट भरण्यापुरता. मुलांच्या एका परदेशी कार्टून मालिकेत निर्मुख नावाचा मुखवटेवाला आहे. तो पत्त्यांचा खेळ खेळतो, समोरच्याला हरवतो आणि हसत निघून जातो. पान टाकलं की त्यातून राक्षस निघतात, विजा पडतात, इमारती कोसळतात. पत्त्यांच्या डावावरून एवढा गहजब, पण पोरं डोळे फाडून बघतात. या निर्मुखाला आपल्या भाषेत बोलतं करायचं काम माझं. मुखवट्यामागे कोण आहे हे मालिकेत गुपित, म्हणून त्याचा आवाज कोणाचा हेही गुपित. तशी सहीच घेतली होती माझ्याकडून. शेवटी नावं येतात तेव्हा माझ्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह असतं. रविवारी वहिनीचा फोन येतो. भावजी, अजून त्या स्टुडिओत जाता का, असं विचारते. जातो म्हणतो. काय करता हो तिथे, तर म्हणतो किरकोळ कामं असतात. मागून तिची नात ओरडून सांगते की तो निर्मुख एकदाचा मेला पाहिजे. मी बरं म्हणून फोन ठेवतो.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्यांची खिडकी. घरात बोलायचं कोणाशी? गॅसशी? कधी कधी स्टुडिओत पहिलं वाक्य बोलताना आवाज फुटायचा नाही, कारण आदल्या दिवसभरात मी तोंडच उघडलेलं नसायचं. रेकॉर्डिस्ट म्हणायचा, काका, पाणी घ्या. त्याला काय सांगणार, घसा कोरडा नाही, वापरात नाही म्हणून.

आमच्या धंद्यात सगळी मेहनत ओठांची असते. पडद्यावरचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. मध्ये कुठे शब्द कापायचा, कुठे ओढायचा, जीव जातो. निर्मुखाला मुखवटा, त्यामुळे ती भानगडच नाही. बाकीचे कलाकार माझा हेवा करायचे. मी एखादा शब्द जास्त बोललो काय, मध्येच उसासा टाकला काय, पडद्यावर कळतंय कुणाला?

या सोयीचा मी फायदा घ्यायला लागलो, तो बारकीमुळे.

बारकी म्हणजे मालिकेतल्या नायकाचा आवाज. नायक शाळकरी पोरगा, पण पोरांचे आवाज बायकाच काढतात, ही आमच्याकडची रीत. चाळिशीची असावी, असं ऐकून होतो. पाहिलेली नव्हतीच. डबिंगला एका वेळी एकच जण आत असतो. ती सकाळी येऊन आपली वाक्यं बोलून जायची, मी दुपारी मागच्या दाराने यायचो. गुपित फुटू नये म्हणून आमची गाठ पडू द्यायची नाही, असा हुकूम होता. माझ्या हेडफोनमध्ये मूळ भाषेतला पोरगा लावायचे. मी एकदा म्हटलं, तो बंद करा, मला बारकीचा आवाज द्या, उत्तर द्यायला बरं पडतं. तेव्हापासून माझ्या कानात ती.

तीन वर्षं आम्ही भांडलो. मी तुला सोडणार नाही, ती म्हणायची. ये, मी म्हणायचो. तिचं हसू, तिचा राग, वाक्याआधी घेतलेला बारीकसा श्वास, सगळं पाठ झालं मला. बायकोनंतर इतकं जवळून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. हसायचं असेल तर हसा. एकदा तिला सर्दी झालेली ऐकू आली. निर्मुख पान टाकताना मी मध्येच म्हटलं, "आवाज बसलाय तुझा. सांभाळ." दिग्दर्शक मुलगा हसला. ओठ दिसत नाहीत, ठेवा म्हणाला. आणि पुढच्याच भागात तिच्या तोंडी वाक्य आलं, "माझी काळजी तू करू नकोस." आता ते वाक्य लिहिणाऱ्याने लिहिलेलं, मूळ मालिकेतच होतं, मला का कळत नाही? पण म्हणताना ती ज्या तऱ्हेने थांबली ना, ते कागदावर नव्हतं. मी मनाशी धरलं की नवा भाग करण्याआधी हिला मागचा तयार भाग ऐकवत असणार. मी स्वतः ऐकायचो, म्हणून वाटलं सगळेच ऐकतात. मग मी दर भागात तिच्यासाठी काहीतरी पेरायला लागलो. दमलीस का. बाहेर थंडी आहे. आणि तिच्या वाक्यांत उत्तरं शोधायला लागलो. शोधलं की सापडतंच.

शेवटचा भाग आला. त्यात मुखवटा निघणार होता. आत निघाला एक साधा म्हातारा, गालफडं बसलेला. आता ओठ दिसणार, आता माझी चोरटी वाक्यं बंद. मालिका संपली की कानातली बारकीही बंद. मला रात्री झोप लागेना. शेवटी दिग्दर्शकाला म्हटलं, आता कसलं गुपित, मला सकाळीच येऊ दे, एकदा तिला भेटू दे. या काका, म्हणाला. चांगला मुलगा आहे.

मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बाहेरच्या बाकावर एक लहानखुरी बाई चहा पीत बसली होती. मला बघून म्हणाली, एसी आतला बिघडलाय, बाहेरचा नाही. आवाज ऐकताच ओळखलं, हीच बारकी. मी म्हटलं, एसीवाला नाही मी, निर्मुख आहे. ती कप खाली ठेवून मनापासून हसली. सरकून जागा दिली. मला म्हणाली, बसा ना काका.

बोलायचं खूप ठरवून आलो होतो, पण तोंडातून निघाली ती सर्दीच. मागे तुमचा आवाज बसला होता, तेव्हा मी एक वाक्य घातलं होतं, आठवतं का?

ती जरा ओशाळली. "खरं सांगू काका? तुमचा आवाज मी आजच ऐकतेय. मी पहिली येते ना. तुमचं तेव्हा झालेलंच नसतं. आणि घरी टीव्ही बघायला वेळ कुणाला? इथून दुसऱ्या स्टुडिओत, तिथून तिसऱ्या."

मी हं म्हटलं. तीन वर्षं मी भिंतीशी गप्पा मारत होतो आणि भिंत चहा पीत होती. तिची काही चूक नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

पण माणूस चिवट असतो. मी आत जाऊन दिग्दर्शकाला गळ घातली. आज मी आधी बोलतो, ती नंतर. माझा आवाज तिच्या कानात लावा. एकदाच. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

माइकसमोर उभा राहिलो. कानात मूळ भाषेतलं ते परकं पोरगं. ओठ जुळवायचे होते, सवय मोडलेली, चार-चारदा चुकलो. त्या म्हाताऱ्याला पोरगा विचारतो की इतकी वर्षं कशासाठी खेळलास. म्हातारा म्हणतो, "समोर कोणीतरी बसावं म्हणून." लिहिणाऱ्याला काय झालं होतं कोण जाणे. त्या वाक्याला मी बारकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि जेवढं होतं तेवढं सगळं त्यात ओतलं. एक शब्द जास्त घातला नाही. रेकॉर्डिस्टने काचेमागून अंगठा दाखवला.

मग ती आत गेली. मी काचेमागे अंधारात, रेकॉर्डिस्टच्या शेजारी. तिच्या कानात मी सुरू झालो. तिने पहिलं वाक्य घेतलं, अडखळली. परत घेतलं, परत अडखळली. हेडफोन एका कानावरून सरकवून ती म्हणाली, "दादा, हे काका बंद करता का? मला मूळचा माणूस लावा ना. रोज त्याच्याशीच बोलते मी. त्याची भाषा कळत नाही, पण घरी तरी कोण बोलतंय? आज शेवटचा दिवस आहे. त्याचा निरोप घेऊ द्या."

दिग्दर्शक माझ्याकडे बघेना. रेकॉर्डिस्टचा हात बटणावर तसाच राहिला. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. रडू आलं, ते दाबलं. तिचं दुःख मला इतकं नेमकं कळत होतं, जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मी रेकॉर्डिस्टला खूण केली, बंद कर मला.

त्याने केलं. तिने डोळे मिटले आणि अख्खा प्रसंग एका दमात बोलून टाकला. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज भरून आला. बाहेर येऊन तिने नाक पुसलं, मला म्हणाली, येते हं काका, छान वाटलं भेटून. दुसऱ्या स्टुडिओची वेळ झाली होती.

मी थांबलो. रेकॉर्डिस्टने परदेशातला तो माणूस काढला, परदेशातलं ते पोरगं काढलं, आणि आमचे दोघांचे आवाज एकाखाली एक ठेवून प्रसंग लावला. कशासाठी खेळलास, तिने विचारलं. मी सांगितलं. ती रडवेली होऊन म्हणाली, मग आधी का नाही बोललास. कुठे अर्ध्या क्षणाचं अंतर नाही. कोणीही म्हटलं असतं, ही दोघं समोरासमोर बसून बोलताहेत.